देवक उठेपर्यंत

परीटघाटावर क्रेन आली तेव्हा मी स्टुलावर उभी राहून इमारतीच्या पन्हळीचा एक गळका जोड बघत होते, आणि खाली धुरपदामावशी चार बायकांना घेऊन हळकुंडं कुटत बसल्या होत्या. त्यांच्या लेकीचं, वैजूचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. क्रेनच्या मागून जलीलभाईंचा टेम्पो घाटावर उतरला. टेम्पोत त्यांचे फिटर होते, पाने होते, साखळदंड होते. मला वाटलं, मांडवाच्या दिव्यांसाठी काही सामान आलं असेल. जलीलभाई उतरले, पण माझ्याकडे बघेनात. या इमारतीचा प्रत्येक बोल्ट स्वतःच्या वर्कशॉपमध्ये आवळून बघितलेला हा माणूस खाली मान घालून चपलेने माती उकरत राहिला.

"काय झालं, जलीलभाई?"

"नगरपालिकेनं कागद दिलाय, मॅडम. सोडवायला सांगितलंय."

"काय सोडवायला?"

त्यांनी नुसतं वर छपराकडे बघितलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, राग मात्र होता तसाच आहे. हे लिहितानाही कानशिलं तापली आहेत.

आमचं गाव लोखंडाचं. देशभरातलं भंगार इथे येतं, भट्टीत वितळतं आणि सळया होऊन बाहेर पडतं. गावातून शेवंता नावाची नदी वाहते. नाव एवढं गोड, पण गावातली सगळी घरं तिच्याकडे पाठ करून बसलेली. नदीकडे उघडतात त्या फक्त मोऱ्या. तिच्या काठी परीटघाट, म्हणजे गावाचे कपडे धुणाऱ्यांची जुनी वस्ती. या वस्तीत चार माणसं एकत्र बसतील अशी जागा नव्हती. लग्न रस्त्यावर, पंगत गटाराच्या कडेला, पाऊस आला की पत्रावळी डोक्यावर धरायच्या. मी नुकतीच पुण्यातली नोकरी सोडून गावी परत आले होते आणि काहीतरी करून दाखवायची खुमखुमी अंगात होती. धुरपदामावशी आमच्या घरी इस्त्रीचे कपडे घेऊन यायच्या. एकदा त्यांनी माझ्या आईला सहज विचारलं, तुमची लेक इमारती बांधती म्हनं, आमाला एक मांडवाएवढं छप्पर बांधून देईल का?

देईन म्हणाले, आणि मग कळलं की तिथे काहीच बांधता येत नाही. नदीकाठावर पुराची निळी रेषा आखलेली असते. त्या रेषेच्या आत पक्क्या बांधकामाला बंदी. म्हणजे वस्तीने तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहायचं, पुराचं पाणी घरात घ्यायचं, पण धड छप्पर काही उभारायचं नाही. तेव्हाही मी चिडले होते. चिडून चिडून शेवटी एक तोड काढली. पक्कं चालत नसेल तर सुटं बांधू. लोखंडी चौकटी, एकीला एक जोडलेल्या, सगळे जोड बोल्टचे. जमिनीपासून पुरुषभर उंच खांबांवर फरशी, म्हणजे पूर आला तर खालून निघून जाईल. पुढेमागे नदीने काठ बदललाच तर चौकटी सोडवायच्या आणि वस्तीनेच दोन पावलं मागे नेऊन पुन्हा जोडायच्या. नगरपालिकेकडून पैसे मिळवताना मी मॉड्यूल वगैरे शब्द वापरले. वस्तीत मात्र 'खण' म्हणाले आणि सगळ्यांना कळलं. यांच्या आज्या-पणज्यांची घरं खणांवरच मोजलेली. आधी पाच खण करू, पुढे वस्ती वाढली की सहावा जोडू.

गर्डर नवे घेतलेच नाहीत. कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगची शेड पाडली जात होती, तिचं लोखंड जलीलभाईंनी कापून, घासून, भोकं पाडून नव्याने उभं केलं. पत्र्याखाली आमच्या उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो, म्हणून छपराला दोन थर दिले आणि मध्ये वारा खेळायला फट ठेवली. भिंतींना बांबूचे तट्टे, वरून शेणमातीचा गिलावा. छपरावरचं पाणी टाकीत, म्हणजे शेवटचं धुणं तरी स्वच्छ पाण्यात. सकाळी तिथे बालवाडी भरायला लागली, दुपारी इस्त्रीची टेबलं लागायची, संध्याकाळी भजन. लग्न तेवढं अजून झालं नव्हतं. पहिलं लग्न वैजूचं.

आणि ते चार दिवसांवर असताना घाटावर क्रेन उभी होती.

थोड्या वेळाने संपतअण्णांची पांढरी जीप आली. अण्णा आमच्या वॉर्डाचे नगरसेवक आणि 'आशीर्वाद लॉन्स' या मंगल कार्यालयाचे मालक. उतरून त्यांनी बायकांना हात जोडले, लग्नाची तयारी जोरात दिसतेय असं कौतुक केलं, आणि मग मला बाजूला घेऊन समजावायला लागले. ठराव झाला होता म्हणे. इमारत नगरपालिकेच्या मालकीची, ती गुरुकृपा कॉलनीच्या मोकळ्या जागेत हलवायची, सार्वजनिक हितासाठी. ती मोकळी जागा 'आशीर्वाद लॉन्स'च्या कुंपणाला लागून आहे आणि अण्णांकडे पंगतीला जागा पुरत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मी त्यांना सरळ विचारलं की लाज कशी वाटत नाही.

"मॅडम, तापता कशाला?" अण्णा हसले. "भर सभेत तुम्हीच सांगितलं होतं ना? ही इमारत सोडवून कुठंही नेता येते. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. आता नेतोय, तर तुम्हालाच राग?"

टाळ्या खरंच वाजवल्या होत्या. फोटोही काढला होता, आणि तो फोटो याच इमारतीच्या पाटीवर होता, अण्णा मधोमध. मी म्हणाले, पूर आला तर वस्तीने हलवायची म्हणून ती सुटी केली होती, तुमच्या जेवणावळींसाठी नाही. यावर अण्णांनी मोठ्या मनाने वैजूचं लग्न आपल्या लॉनवर करून देण्याची तयारी दाखवली. वैजू त्यांना लेकीसारखी होती म्हणे.

धुरपदामावशींनी मान वर केली नाही. उखळातला घाव मात्र जरा जोरात बसला. थोरल्या मुलीच्या लग्नासाठी त्या याच लॉनवर तारीख विचारायला गेल्या होत्या. वस्ती कुठली ते सांगितल्यावर मॅनेजरने वही न उघडताच वर्षभर तारीख नाही म्हणून सांगितलं होतं. त्या लॉनच्या खुर्च्यांचे अभ्रे आणि टेबलांच्या चादरी धुवायला याच घाटावर यायच्या. अभ्रे इथले चालायचे, धुणाऱ्यांचं लग्न चालायचं नाही.

आज सामान उतरवून ठेवा, उद्या सकाळी छपरापासून सुरुवात करा, असं जलीलभाईंना सांगून अण्णा निघून गेले.

मी जलीलभाईंना टाकीच्या आडोशाला ओढलं. म्हणाले, आत्ताच्या आत्ता वेल्डिंगचं मशीन आणा आणि एकूण एक जोड वेल्ड करून टाका, मग बघू कोणाच्या पान्याने सुटतात ते.

"करतो," ते म्हणाले. "मला काय, दुपारपर्यंत करून देतो. पण मग ते पक्कं बांधकाम झालं, मॅडम. निळ्या रेषेच्या आत पक्कं. उद्या सोडवायला कोणी यायचं नाही, पाडायलाच येतील. आणि तो कागद मात्र खरा असेल."

खरं होतं. सुटी ठेवली तर चोरी होणार, पक्की केली तर गुन्हा होणार. गरिबाच्या छपराला कायद्यात कुठे जागाच ठेवलेली नसते, ती ठेवली आहे असं नुसतं दाखवायचं असतं. संतापाने मी हातातली पन्हळीची पट्टी नदीत भिरकावली. नदीत पाण्यापेक्षा गाळ जास्त. पट्टी बुडाली नाही, गाळात उभी रुतून बसली.

मागून कोणीतरी हसलं आणि हसता हसता खोकायला लागलं. ते एकनाथमामा, धुरपदामावशींचे धाकटे भाऊ. माहेरचं एवढं एकच माणूस मावशींना उरलं होतं. भाचीच्या लग्नासाठी गोदाकाठच्या गावाहून ते आठवडाभर आधीच येऊन राहिले होते. दम्याने पार खंगलेले, पण जिभेला काही झालेलं नव्हतं.

"बाई, तुमचा राग म्हंजी कोळशाची इस्तरी," ते म्हणाले. "कापडावर फिरायच्या आदी आपल्याच हाताला चटका."

मी त्यांच्यावरही डाफरले. तोवर मावशी हात पुसत आल्या. हळदीने त्यांची बोटं पिवळी झाली होती. त्यांनी जलीलभाईंना विचारलं की हे आपलं घर सरकारच्या कागदावर काय म्हणून आहे. जलीलभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, तात्पुरता निवारा.

"म्हंजी मांडवच की," मावशी म्हणाल्या.

मग कितीतरी वेळ त्या नुसत्याच कोपऱ्यातल्या खांबाकडे बघत राहिल्या. तो ईशान्येचा खांब, नदीच्या अंगाचा. शेवटी भावाकडे वळून म्हणाल्या, "एकनाथ, देवक लग्नाच्या आदल्या दिशी बसवायचं, ते आजच बसवू."

मामांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग खांबाकडे, मग दूर उभ्या असलेल्या क्रेनकडे. आणि पुन्हा खोकला येईपर्यंत हसले. मला काही उलगडा होईना. लग्नाची पूजाअर्चा आली की मी पान लावायला मागे, जेवायला पुढे अशी. मावशी म्हणाल्या, "तुमी आता घरी जावा, हेमाबाई. जेवा. उद्या सकाळी या. आन चिडू नका."

तरी मी गेले नाही. ऊन उतरल्यावर वाजतगाजत सगळे मारुतीच्या देवळात गेले. वैजूचे चुलता-चुलती गाठ बांधून पुढे, त्यांच्यावर धोतराचं छत धरलेलं, मागे मामा खांद्यावर कुऱ्हाड घेऊन. आंबा, उंबर, जांभूळ, शमी, रुई अशी पाच झाडांची पालवी देवासमोर ठेवून परत आणली. एरवी मांडवात मुहूर्तमेढ म्हणून लाकडी खांब रोवतात. मामांनी तो रोवला नाही. ईशान्येचा लोखंडी खांब धुतला, त्याला हळद लावली, हळकुंड-सुपारीची पिवळी पुरचुंडी बांधली आणि वर पाचही पालव्या सुतळीने आवळल्या. श्वास पुरेना, तर मध्ये दोनदा खाली बसले, पण गाठी दुसऱ्या कोणाला मारू दिल्या नाहीत. जलीलभाईंच्या फिटरनी टेम्पोत बसल्या बसल्या हे सगळं बघितलं. वस्तीतली सर्वांत म्हातारी सरूबाई मला म्हणाली, "आता बसलं देवक. आता ह्या मांडवात सुतकबी शिरत न्हाई. घरचं मानूस गेलं तरी रडायचं न्हाई, मौतीला जायचं न्हाई. देवक उठेस्तवर मांडव जागचा हालत न्हाई."

हे तिने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं, आणि मी तेवढंच ऐकलं जे मला ऐकायचं होतं. जिथे मरण शिरत नाही, तिथे नगरपालिका काय शिरणार?

सकाळी अण्णा आले तेव्हा सगळी वस्ती घाटावर बसलेली होती. कोणी घोषणा देत नव्हतं, बायका पापड वाळत घालत होत्या. कोपऱ्यातल्या खांबाशी समई होती. अण्णांनी जलीलभाईंना चढायला सांगितलं. जलीलभाईंनी खांबाकडे बोट दाखवलं आणि हातातला पाना टेम्पोत ठेवून दिला.

"इमारत असती तर सोडवली असती, अण्णा. हा मांडव आहे. भरला मांडव उतरवायचं काम मला सांगू नका."

अण्णा क्रेनवाल्याकडे वळले. क्रेनवाला खाली उतरून चप्पल काढून खांबाच्या पाया पडत होता. मग त्यांचा आवाज चढला. कोणाची इमारत, कोणाचा मांडव, हा सरळ सरळ बनाव आहे, असं बरंच बोलले. त्यांच्याबरोबर आलेला नगरपालिकेचा ज्युनिअर इंजिनिअर मात्र दोन पावलं मागे सरकला. मी बोलायला तोंड उघडलं तर मामांनी माझा हात दाबला.

धुरपदामावशी उठल्या. पदर डोक्यावरून घेऊन अण्णांसमोर उभ्या राहिल्या. एवढ्या माणसांत त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही.

"अण्णा, तुमी लगीनघराचे मालक. तुमच्याकडं हजार लग्नं झाली. देवक बसलेला मांडव कुनी मोडला असं तुमी कवा ऐकलंय का?"

अण्णांची नजर खांबाकडे गेली.

"मोडायचा तर मोडा. आमी कुनी आडवं येनार न्हाई. पर उद्या गावात लोक म्हनतील, ज्यानं परटाच्या लेकीचं देवक उपटलं, त्याच्या लॉनवर आपल्या लेकीचं देवक बसवायचं का?"

मी अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत होते. निवडणुकीची भीती तिथे नव्हती, कोर्टाची नव्हती, माझी तर नव्हतीच नव्हती. ऐन लग्नसराई सुरू होती, पुढच्या तारखा भरायच्या होत्या, आणि त्यांचा सगळा धंदा शुभ-अशुभावर उभा होता. त्यांनी घाम पुसला. मग हसायचा प्रयत्न करत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो मावशी, मी काय परका आहे? होऊ द्या लग्न. देवक उठेपर्यंत कोणी हात लावणार नाही. हा माझा शब्द."

"देवक उठेस्तवर," मावशी म्हणाल्या.

"उठेपर्यंत," अण्णा म्हणाले.

वैजूचं लग्न झालं. असं लग्न परीटघाटाने कधी बघितलं नव्हतं. फरशीवर पंगत बसली, नदीवरून वारा आला, आणि आश्चर्य म्हणजे त्याला त्या दिवशी वास नव्हता, की मलाच आला नाही. अंतरपाटाआड मामा वैजूच्या मागे उभे होते. वैजूला बोहल्यापर्यंत उचलून आणायचा हट्ट त्यांनी धरला होता आणि आणलंही, चार पावलं. नंतर अर्धा तास भिंतीला टेकून बसले. मी पाणी दिलं तर म्हणाले, "बाई, तुमचं घर बेस हाय. पत्र्याचं असून गार."

एरवी लग्न झाल्यावर दोन-चार दिवसांत देवक उठवतात आणि मांडव परततात. अण्णांचा मॅनेजर बरोबर वेळेवर हजर झाला. मावशींनी सांगितलं, वैजूच्या सासरचे देवदर्शनाहून यायचेत. पुढच्या वेळी तो आला तेव्हा देवीचा गोंधळ घालायचा राहिला होता. त्यानंतर गोंधळी दुसऱ्या सुपारीला गेला होता. मग वैजूच्या दिराला कांजिण्या झाल्या, देवी आली म्हटल्यावर देवक कसं उठवायचं? वैशाख संपला, ज्येष्ठ लागला. पालवी वाळून कुरकुरीत झाली, तरी खांबाला तशीच. मॅनेजर रागाने पापण्या फडफडवत परत जायचा आणि मी दुसऱ्या दिवशी घरी आईला त्याची नक्कल करून दाखवायचे. इतकं खदखदून मी क्वचितच हसले असेन.

मला काम होतं. देवकाने वेळ मिळवून दिला होता, आता कायमचा कागद मिळवायचा होता. ही इमारत पूरनिवारा म्हणून सरकारी नोंदीत घेतली तर ती कोणालाही हलवता येणार नव्हती. त्यासाठी मी जिल्ह्याच्या कचेरीचे उंबरठे झिजवले. या टेबलावरून त्या टेबलावर, साहेब मीटिंगमध्ये, साहेब रजेवर, मॅडम तुमचा अर्ज चुकीच्या खात्यात आलाय. प्रत्येक वेळी तिथून पेटलेली निघायचे ती थेट घाटावर यायचे आणि मावशींसमोर वाफ काढायचे. त्या इस्त्री फिरवत ऐकून घ्यायच्या आणि चहा द्यायच्या.

ज्येष्ठातच एकदा गेले तेव्हा त्या गप्प होत्या. इस्त्री एकाच शर्टावर पुन्हा पुन्हा फिरत होती. मी नेहमीचं रडगाणं गाऊन झाल्यावर थट्टेने विचारलं, "गोंधळाला मामा येणार की नाही? त्यांना सांगा, माझी इस्त्री अजून गरमच आहे."

"त्येला आता सवड न्हाई," मावशी म्हणाल्या आणि चहाला आधण ठेवायला उठल्या.

मी चहा घेतला, दुसऱ्या दिवशीच्या अर्जाचा मसुदा त्यांना वाचून दाखवला आणि आले घरी.

आषाढात शेवंता फुगली. वर्षभर गटार म्हणून वाहणारी नदी रागाला आल्यासारखी काठावर चढली आणि खालच्या गल्ल्यांत कंबरभर पाणी झालं. सगळी वस्ती त्या पाच खणांत येऊन राहिली, पोरंबाळं, शेळ्या, लोकांचे धुवायला आलेले कपडे. पाणी खांबांमधून वाहून गेलं, फरशीला लागलं नाही. चौथ्या दिवशी पाणी ओसरायला लागल्यावर कचेरीतले साहेब होडीतून बघायला आले. जे साहेब माझा अर्ज बघायला कधी खुर्चीवर सापडले नव्हते, ते तिथे उभे राहून मला विचारू लागले की असे निवारे आणखी किती उभारता येतील. बोलायला माझ्याकडे बरंच होतं. मावशींनी डोळे वटारले म्हणून गिळून टाकलं. श्रावण लागता लागता आदेश निघाला. परीटघाटावरची इमारत पूरनिवारा म्हणून कायम, जागेवरून हलवायची नाही, देखभाल वस्तीच्या समितीकडे.

मी तो कागद घेऊन धावतच घाटावर गेले. जलीलभाईंनाही बोलावून घेतलं. मला वाटलं होतं, आज पेढे वाटतील, हलगी वाजेल. मावशींनी तो कागद हातात घेतला, मला दोनदा विचारलं, "आता कुनी न्हेऊ शकत न्हाई?" मी नाही म्हणाले. मग जलीलभाईंना विचारलं. तेही नाही म्हणाले.

"मग देवक उठवते," त्या म्हणाल्या.

आंघोळ करून त्या आल्या. बायका आपोआप जमल्या. हलगी नव्हती, कोणी हसतही नव्हतं, मला ते जरा खटकलं. मावशींनी खांबाला हळदकुंकू वाहिलं. एकनाथमामांनी मारलेल्या गाठी पावसाने फुगून घट्ट झाल्या होत्या. जलीलभाई पकड घेऊन पुढे झाले, तर मावशींनी नको म्हटलं. नखांनीच एकेक गाठ सोडवली. वाळलेली पालवी ओटीत घेतली, पायऱ्या उतरून नदीत सोडली. परत आल्या, त्या रिकाम्या खांबाला पाठ लावून खाली बसल्या, आणि त्यांनी हंबरडा फोडला.

"एकनाथा रं, माज्या एकनाथा..."

बायका त्यांच्याभोवती सरकल्या आणि एकेक करून रडायला लागल्या. मी हातात तो कागद घेऊन उभी होते. मला वाटलं, मामांची आत्ताच काही बातमी आली असणार. सरूबाईला विचारलं. ती डोळे पुसत म्हणाली, "ज्येष्ठातच गेले की मामा. सांगावा आला व्हता. गाडी घिऊन आला व्हता पुतन्या. ही गेली न्हाई. मांडवात देवक हाय म्हनली. तोंडबी बघितलं न्हाई भावाचं, धावं न्हाई, तेरावं न्हाई. मांडवात रडायचं न्हाई म्हनून डोळ्यातनं पानीबी काढलं न्हाई बाईनं."

माझ्या डोक्यात एकदम तो शर्ट आला, पुन्हा पुन्हा इस्त्री होणारा. आणि मग राग आला. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. संपतअण्णांचा आला, साहेबांचा आला, त्या निळ्या रेषेचा आला. बांबूचे तट्टे आणि जुनं लोखंड, गटाराच्या काठावर. तेवढं पदरात राहावं म्हणून एका बाईने आपलं शेवटचं माहेर न रडता जाऊ दिलं होतं, आणि ज्यांच्यामुळे हे करावं लागलं त्यांना ते कधी कळणारही नव्हतं. ते सगळे मजेत जेवत होते.

कितीतरी वेळाने रडणं थांबलं. बायकांनी मावशींना पाणी पाजलं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं की मला का सांगितलं नाही. मी रोज येत होते. तुमच्या चुलीवरचा चहा पीत होते.

मावशींनी पदराने तोंड पुसलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या मला अगं-तुगं बोलल्या.

"तुला सांगितलं असतं तर तू चिडली असतीस, पोरी. चिडली असतीस आन जलीलभायला वेल्डिंग करायला लावलं असतंस. मग समदंच गेलं असतं."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मान मागे टाकून खांबाकडे वर बघितलं. सुतळीचे वळ त्यावर अजून पिवळे दिसत होते.

"आता चिड खुशाल," त्या म्हणाल्या. "आता हे कुठं जात न्हाई."

तेव्हापासून मी चिडलेलीच आहे.